कोचईला लागलेलं पाणी

"पानी नोको लावू त्याले!"

माझा हात नळावरच थांबला. आईने समोरची ताटली ओढून घेतली. ताटलीत सोललेली कोचई होती. बाकीचा महाराष्ट्र जिला अळकुड्या म्हणतो, तीच. अड्याळला आमच्या परसात मोरीचं पाणी जातं, तिथे ती वाढते. आईने ती कापडी पिशवीत बांधून थेट पुरीच्या या धर्मशाळेत आणली होती.

"माती दिसून राहिली, आई. राखी खाणार आहे ना."

"माती फडक्यानं पुसतो मी. सोलल्यावर पानी लागलं का बुळबुळीत होते मंग."

तिने एकेक कंद कोरड्या फडक्याने पुसला. मग सुरी अर्ध्यापर्यंत रुतवली आणि मनगट फिरवलं. कट् असा आवाज होऊन तुकडा मोडून पडला.

"कापाचं नाही. अर्धं कापाचं, अर्धं मोडाचं. बुडी असंच शिकवे मले."

बुडी म्हणजे सायप्रसची म्हातारी. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई पगारावर त्या बुडीला सांभाळायला गेली आणि मी दिघोरीला मामीकडे. आई परतली तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. बुडीला सकाळी किती गोळ्या, दुपारी किती, हे तिला तोंडपाठ होतं. आल्यावर पहिल्याच दिवशी तिने मला हौसेने वांग्याची भाजी वाढली. मी वांगं खात नाही, हे तिला माहीत नव्हतं. मी खाल्ली.

आता माझी मुलगी राखी चार वर्षांची आहे. वनरक्षक म्हणून माझी निवड झाली. येत्या सोमवारी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी चिखलदऱ्याला हजर व्हायचंय. माझ्या नवऱ्याचं, भूपेंद्रचं खतांचं दुकान सकाळी आठला उघडतं, त्याला आई नाही. "पोट्टीले माह्याजवळ ठेव," असं आई दोनदा म्हणाली. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग तीच म्हणाली, "चाल, तिले समुद्र दाखवू." मी लगेच तयार झाले. चार दिवस आई माझ्या डोळ्यांसमोर राहणार होती. रस्ता ओलांडताना पोरीचा हात धरते का, गाडीत खिडकीशी बसवते का, सगळं बघता येणार होतं. आईला यातलं काही बोलले नव्हते.

"अवो बापा, जिना!" राखी पायऱ्यांकडे पळाली तशी आई ओरडली आणि सुरी टाकून तिच्या मागे धावली.

मी ताटलीकडे पाहिलं. एका तुकड्याच्या कडेला काळी रेघ होती. गाडीत राखीला दोनदा जुलाब झाले होते. मी नळ सोडला. कोचई चोळून धुतली आणि ओढणीने टिपून होती तशी मांडून ठेवली. आई राखीला कडेवर घेऊन आली, तेव्हा मी टमाटर चिरत होते.

तेलात कोचई परतताना आई एकदा थांबली. उलथणं वर धरून तिने पाहिलं आणि पुन्हा परतू लागली. नंतर कांदा, टमाटर, कोथिंबिरीच्या काड्या, तिकडच्या भाजीचा वास यावा म्हणून चिमूटभर ओवा, शेवटी लिंबू. "कोंबडी टाकतेत तिकडं," ती म्हणाली, "पन बुडीचा उपास असला का अशीच." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तिला कळलं नाही असं समजून मी पोळ्या गुंडाळायला घेतल्या.

डिसेंबरचं ऊन वाळूवर कोवळं होतं. आईने चादर अंथरली, राखीला मधोमध बसवलं आणि डबा उघडला. आम्हाला वाढायच्या आधी ती डबा घेऊन शेजारच्या चादरीकडे वळली. तिथे एक म्हातारा-म्हातारी बसली होती.

"आई, कुठं जातेस? ओळख ना पाळख."

"समुद्रावर डबा उघडला का पयले बाजूवाल्याले. बुडीचा कायदा आहे."

म्हातारा राजनांदगावकडचा निघाला, बाबूलाल नावाचा. त्याने डब्यात वाकून पाहिलं आणि बायकोला कोपराने ढोसलं. "देख ओ, ये तो कोचई आय!"

"कोचईच आहे," आई खूश झाली. "लेकिन सायप्रसवाली. उधर इसको कोलोकासी बोलते."

"काशी?" म्हातारा हसायला लागला. "हम पुरी आए, और काशी डब्बे में बैठके आ गई! दोनों तीरथ एके दिन में!"

त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. "इनको तो फोकट का पुण्य चाहिए. दो बाई, डालो."

आईने चमचा वर उचलला. चमच्यापासून डब्यापर्यंत एक लांब, चिकट तार आली. वाऱ्यावर हलली आणि तुटली नाही.

माझे कान तापले.

म्हातारीने घास घेतला, जिभेवर घोळवला. "स्वाद अच्छा है. पर लसलसा हो गया, बहिनी. हमारे इधर मही डालते हैं, खट्टा छाछ."

"हो," आई म्हणाली. "पानी लग गया. मेरेच हाथ से."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाळूत बोट फिरवत बसले. अकरा वर्षं जो पदार्थ तिने एका परक्या घरात न चुकता केला, तो आज तिने स्वतःच्या नावावर बिघडवून घेतला होता. आणि ती दोघं तरी खात होती. म्हाताऱ्याने पुन्हा मागून घेतलं.

बदल्यात म्हातारीने पिशवीतून बेसनाची ठेठरी काढली आणि एक राखीपुढे धरली. राखीने हात पुढे केला. आईने तो हळूच धरून ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"देऊ काय?"

माझी आई मला विचारत होती. नव्याने कामावर लागलेल्या बाईने मालकिणीला विचारावं तसं. घरून निघाल्यापासून मी तिच्यावर नजर ठेवून होते. ते तिच्या ध्यानात आलं नसेल, असं मी कसं समजले?

"दे ना, आई," मी म्हटलं. "मले काय विचारतेस."

थोड्या वेळाने म्हातारा-म्हातारी पाण्याकडे गेली. राखी ठेठरी चोखत वाळूत खड्डा करत होती.

"आई, मी धुतली होती कोचई."

"मालूम आहे."

"कवा समजलं?"

"कढईतच. बुडाले चिकटून राहिली होती."

"मंग बोलली काहून नाहीस?"

आईने डब्यातला एक तुकडा बोटाने उचलून तोंडात टाकला.

"मी बी धुतली होती, पयल्या दिवशी. बुडीनं सांगतलं होतं नको म्हणून, तरी लपून धुतली. मातीचं कंद, बिना धुतल्यानं कसं खातेत? घरी पाव्हने आले होते तिच्या. बुडीनं सगळ्याईले सांगतलं, मीच धुतली आज, म्हातारी झाली मी. अन् सगळी खाल्ली." ती हसली. "मले कोरी मू म्हणे. पोरी माही, असं होते त्याचं. मले वाटे, मले कोरी म्हणते, मी काय कोरी वही आहो काय?"

मी हसले नाही. तीही थांबली.

"ती पोरी म्हणे ना, तवा मी रोज पाहो घड्याळात. आता दिघोरीत किती वाजले, तू जेवली असशील काय. कोन तुले धुऊन देते, कोन नाही." तिने डब्याची कड पुसली. "तू धुतलं ते बराबर केलं, दामिनी. तू जवळ आहेस तिच्या. धुशीनच."

लाट बरीच पुढे येऊन मागे गेली. मी राखीकडे बघत बोलायला लागले.

"वरणात लिंबू पिळल्याशिवाय खात नाही ती. झोपताना माझी ओढणी लागते, पिवळी. ती ठेवून जाईन. विजा चमकल्या की कान झाकते, पण भेते असं कबूल नाही करत. वांगं खात नाही."

आईचे हात थांबले.

"वांगं नाही," ती म्हणाली. "अजून?"

"दूध कोमट. गार दिलं तर ओकते."

"हळू सांग. परत एकडाव सांग, लिंबापासून."

मी परत सांगितलं. ती ओठ हलवत माझ्यामागे म्हणत गेली, बुडीच्या गोळ्या पाठ केल्या असतील तशी. भूपेंद्र दुकानातून किती वाजता येतो, हेही तिने विचारून घेतलं.

मग डब्यातलं उरलेलं तिने एकटीने संपवलं. तळाशी चिकटलेलं पोळीच्या तुकड्याने पुसून खाल्लं. रिकामा डबा घेऊन ती पाण्यापर्यंत गेली, वाळूने घासून विसळून आणला. पदराने आधी आतून पुसला, मग झाकण, मग कडेची खाच. उन्हाकडे धरून पाहिला आणि पुन्हा एकदा पुसला.

"कोरडा झाला. चिखलदऱ्याले लागन तुले," ती म्हणाली, आणि डबा तिच्या पिशवीत न टाकता माझ्या पिशवीत, माझ्या कपड्यांखाली ठेवला.