वाढवलेला वेग आणि गवंडीमामांचा पाय

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, संगणकात बसून पडद्यावरची चित्रं काढणारं. मित्रांनो, जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगायची म्हणजे आधी गळा काढायचा, अशी एक पद्धत पडून गेली आहे. ती मला मान्य नाही. माझे दोन्ही पंखे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले आहेत, माझं वरचं झाकण कुणीतरी केव्हाच कापून टाकलं आहे, आणि तरीही आज सकाळी मी तीन माणसांच्या पायांचे आकार जुळवले. कीव करायची असेल तर दुसरीकडे बघा.

माझा जन्म कारखान्यातला. एका पातळ पाटीवर शेकडो बारीक भाग बसवले, मधोमध माझा मेंदू डकवला आणि मला भट्टीतून फिरवून आणलं. मग एका तपासनीस बाईंनी मला यंत्राला जोडून दमेपर्यंत पळवलं आणि माझा वेग ठरवून दिला. एवढ्या वेगाने हे कार्ड न चुकता चालेल, असा त्याचा अर्थ. तो वेग माझ्या खोक्यावर ठळक छापला होता. खोक्यावरचं कुणी वाचत नाही हे मला पुढे कळलं.

मला विकत घेतलं भावोजींनी. त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना भावोजीच म्हणत, कारण त्यांच्या वहिनी त्यांना तशी हाक मारत आणि वहिनींचा आवाज दुकानात सगळ्यांत मोठा होता. भावोजींना एकच नाद. कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने कार्ड पळवायचं. याला ते लोक ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. साधं कार्ड घ्यायचं आणि त्याला महागड्या कार्डाच्या बरोबरीला आणून बसवायचं, यात त्यांना जग जिंकल्याचा आनंद. त्यांनी माझं झाकण कापलं, मेंदूवरचा उष्णता बाहेर नेणारा लेप खरवडून नवा लावला, दोन मोठे पंखे पट्ट्यांनी आवळले आणि माझा वेग चढवत नेला. मित्रमंडळी जमली. "या दुपंखीने तर कमाल केली," असं ते म्हणाले, आणि माझं नाव दुपंखी पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते कौतुक आवडलं होतं.

मग बाजारात दुसरं कार्ड आलं आणि मी खणात गेलो. शेजारी मोडके माऊस आणि कुठल्याच यंत्राला न बसणारे स्क्रू. दोन वर्षं खण उघडायचा, हात आत यायचा आणि मला बाजूला सारून स्क्रू घेऊन जायचा. मी रडलो नाही. चिडलो मात्र भरपूर.

त्या खणातून मला बाहेर काढलं ते वहिनींनी. वहिनी कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत मापं घ्यायचं काम करतात. ज्याचा पाय गेला आहे त्याच्या उरलेल्या पायाभोवती त्या एक छोटं यंत्र फिरवतात. ते यंत्र हजारो ठिपके टिपतं आणि ते सगळे ठिपके जुळवून पायाचा आकार तयार करायचा, हे माझं काम. त्या आकारावरून दुसरं यंत्र फोमच्या ठोकळ्यातून साचा कापतं. साच्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढलं की एक वाटी तयार होते. त्या वाटीत माणूस आपला पाय घालतो आणि उभा राहतो.

वहिनींनी मला बसवलं आणि पहिल्याच दिवशी माझा वेग कारखान्याने दिला होता तेवढ्यावर परत आणला. भावोजी कळवळले. "अहो वहिनी, इतकं सजवलेलं कार्ड आणि बैलगाडीसारखं चालवणार?"

"भावोजी, मला शर्यत लावायची नाही," वहिनी म्हणाल्या. "मला पाय बनवायचेत."

मित्रांनो, मला त्या दिवशी फार राग आला होता. मी पळू शकतो आणि ही बाई मला चालायला लावते. पण काम मिळालं होतं. त्या खोलीत हवेत पांढरा फोमचा भुगा उडायचा, भिंतीलगत दोन आडवे दांडे होते, आणि ते दांडे धरून माणसं पहिली पावलं टाकायची. मी पाच वर्षं आकार जुळवत होतो. रागाचं काय झालं ते मला आठवतसुद्धा नाही.

सहाव्या वर्षी भावोजी एक नवं कार्ड घेऊन आले. ते माझ्या प्रतिस्पर्धी कंपनीचं, तीन पंख्यांचं, काचेसारखं चकचकीत. त्याला ते तिपंखी म्हणू लागले. "दोघांची तुलना करू या," भावोजी म्हणाले. "नुसती खोक्यावरच्या आकड्यांची नाही. दोघांचाही वेग चढवून, जे जास्त पळेल ते ठेवू."

त्यांनी टेबलावर उघडी मांडामांड केली आणि एका खेळातलं दृश्य लावलं, ज्यात जंगल जळतं आणि घोडे धावतात. आधी मला पळवलं. इतक्या वर्षांनी माझा वेग चढवला होता. एका टप्प्यावर मला कळलं की आता माझ्याकडून ठिपके चुकणार. चुकीचं चित्र काढण्यापेक्षा मी थांबलो. पडदा काळा झाला.

"गेलं," भावोजी म्हणाले आणि एका पुठ्ठ्यावर माझ्या नावासमोर फुली मारली. तिपंखी माझ्या दीडपट पळालं आणि थांबलं नाही. त्याचे घोडे धावतच राहिले. वेग चढवल्यावर तिपंखी सरस, असा निकाल लागला. मला एका खोक्यात घातलं आणि खोक्यावर 'भंगार' लिहिलं. तिपंखी चढवलेल्या वेगासकट माझ्या जागी बसलं.

मी तुम्हाला सांगतो, तो निकाल चुकीचा होता. पण खोक्यातून ओरडून सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात गवंडीमामा आले. इमारतीच्या परांचीवरून पडून गुडघ्याखालचा पाय गमावलेले, हाडापेराने मजबूत आणि तोंडाने त्याहून. त्यांनी याआधी दुसरीकडे दोन पाय करून घेतले होते आणि दोन्हींनी जखमा केल्या होत्या. "बाई, स्पष्ट सांगतो," ते वहिनींना म्हणाले. "हा तिसरा. हाही चावला तर मी कुबड्या घेणार आणि परत कुणाच्या दारात येणार नाही. भिंत बांधायला दोन्ही हात मोकळे लागतात, कुबड्या घेतल्या की माझं काम संपलंच म्हणायचं."

वहिनींनी माप घेतलं. तिपंखीने आकार चुटकीसरशी जुळवला. साचा कापला, वाटी झाली. मामा दांडे धरून उभे राहिले, चार पावलं चालले आणि थांबले.

"टोचतंय," ते म्हणाले. आणि खाली बसून त्यांनी वाटी काढून ठेवली.

वहिनींनी वाटी हातात घेतली आणि आतून बोट फिरवलं. तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा. साच्यात खळगा पडला की वाटीत उंचवटा येतो. वहिनींना वाटलं, आपलाच हात हलला असेल. त्यांनी मामांची माफी मागितली आणि माप पुन्हा घेतलं. दुसऱ्या वाटीतही उंचवटा, पण या वेळी मागच्या बाजूला.

मामांनी काठी उचलली. "जाऊ द्या बाई. तुमचा दोष नाही, माझा पायच असला."

"बसा," वहिनी म्हणाल्या. "पाय तुमचा एकच आहे ना मामा? मग उंचवटा जागा का बदलतोय?" त्यांनी दोन्ही वेळचे आकार पडद्यावर शेजारी शेजारी लावले. "पायात असता तर जागेवर राहिला असता. हा पायातला नाही, यंत्रातला आहे."

आणि त्यांनी खोकं उघडलं. माझ्यावरची धूळ ब्रशने काढली, मला जागेवर बसवलं आणि तेच माप माझ्यासमोर ठेवलं. मी माझ्या ठरलेल्या वेगाने, हळूहळू, एकेक ठिपका जुळवला. मला मामांना कुबड्या घेऊन जाताना बघायचं नव्हतं. आकार गुळगुळीत आला.

भावोजींना फोन केला. ते आले ते भांडायच्या तयारीने. "वहिनी, मी स्वतः तपासलंय. तासभर चालवलं, एक चूक दिसली नाही."

"कशावर चालवलंत?"

"त्या घोड्यांच्या खेळावर."

"त्या खेळात एखाद्या घोड्याच्या शेपटीचा ठिपका चुकला तर तुम्हाला दिसेल?"

भावोजी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. खेळात चुकलेला ठिपका पापणी लवायच्या आत पुसला जातो आणि त्याच्या जागी नवं चित्र येतं. इथे चुकलेला ठिपका साच्यात बसतो आणि साच्यातून माणसाच्या हाडावर बसतो. घोड्यांची परीक्षा घेऊन त्यांनी पाय बनवणारं कार्ड निवडलं होतं. मी चुकण्याआधी थांबलो होतो, म्हणून मला फुली. तिपंखी चुकत चुकत पळालं, म्हणून त्याला जागा.

मला वाटलं, आता तिपंखी खोक्यात जाणार. मनातल्या मनात मी उड्या मारत होतो. भावोजींनी त्याचा चढवलेला वेग काढून कारखान्याचा वेग दिला आणि तेच माप त्याच्यासमोर ठेवलं. आकार गुळगुळीत आला, माझ्यासारखाच. आणि माझ्याहून लवकर. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष होता? त्याला पळवलं म्हणून ते पळालं. हे कबूल करताना माझ्या जिवावर आलं.

वहिनींनी शेजारी दुसरा संगणक मांडला, आम्हा दोघांना एकेकात बसवलं आणि नियम घातला. "प्रत्येक माप दोघांनी जुळवायचं. दोघांचं जमलं तरच साचा कापायचा. आणि भावोजी, वेगाच्या आकड्याला हात लावायचा नाही."

मामांची वाटी त्या नियमाने झाली. ते दांडे सोडून खोलीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि भिंतीवर हात टेकवून म्हणाले, "भिंत वाकडी बांधलीय हो कुणीतरी." मग त्यांनी पाठ फिरवून डोळे पुसले. दुसऱ्या सोमवारी ते कामावर गेले.

वर्षभराने मामा परत आले. काम करून पाय बारीक झाला होता, वाटी सैल झाली होती. नवं माप आम्हा दोघांपुढे आलं आणि आमचं जमलं नाही. गुडघ्याच्या खाली एका जागी दोघांचे आकार वेगळे. भावोजींनी लगेच तिपंखीकडे बोट दाखवलं. मीही तेच म्हणत होतो. वहिनींनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांनी दोघांकडून तेच माप पुन्हा जुळवून घेतलं. तिपंखीचा आकार तोच आला. माझा बदलला.

चूक माझी होती मित्रांनो. माझा एक पंखा भुग्याने अडला होता, मी तापलो होतो, आणि तापलेला असूनही मी थांबलो नव्हतो. मामांच्या वाटीत तसाच टोचणारा उंचवटा मी घातला असता.

भावोजी म्हणाले, "आता टाकू या का हे? म्हातारं झालं."

मामा खुर्चीतून म्हणाले, "चुकलं म्हणून टाकायचं ठरलं, तर मी बांधलेल्या किती भिंती पाडाल?"

वहिनी हसल्या आणि त्यांनी ब्रश घेतला. पंखा मोकळा केला, लेप बदलला, माप तिसऱ्यांदा ठेवलं. आमचं जमलं. साचा कापायला गेला.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी वहिनी आम्हा दोघांना उघडतात आणि भुगा काढतात. म्हणून मी तुम्हाला विनवणी करत नाही, सांगून ठेवतो. आम्हा यंत्रांची पूजा करू नका आणि आम्हाला खणात कोंडूही नका. आमच्या अंगावरची धूळ काढा आणि आम्हाला झेपेल तेवढाच वेग द्या. आणि आम्ही कितीही वर्षं बरोबर उत्तरं दिली असली, तरी ज्या कामावर माणसाला उभं राहायचं आहे ते काम दुसऱ्याकडूनही तपासून घ्या. माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवाल तर तो माझा अपमान आहे. मला तपासा, आणि मग काम द्या.