हललेला पाय

"मॅडम, हा मेलेला नाहीये! पाय ओढला त्याने!"

मुलगी ट्रेपासून दोन हात मागे सरली. टेबलाभोवती कोंडाळं करून उभी असलेली बाकीची पोरं खिदळली. त्या वयात दुसरं करणार काय! जीवशास्त्राच्या बाई मात्र चटकन ट्रेवर वाकल्या. सुई बेडकाच्या मेंदूत फिरवली होती, पण तीच पुढे पाठीच्या कण्यात उतरवायची राहून गेली होती. इतक्या वर्षांत अशी चूक कधी झाली नव्हती. पण आज त्यांचं चित्त थाऱ्यावर होतं कुठे?

काल इस्पितळात त्यांनी आईचा तळपाय चोळला, तेव्हा आईची बोटं आखडली होती. मेंदू गेलाय, श्वास फक्त व्हेंटिलेटर देतोय, असं डॉक्टर सांगत होते. भावाला ते पटलं होतं; व्हेंटिलेटर काढायचं बाईंच्या होकारावाचून अडलं होतं. "आई हलली, मी डोळ्यांनी पाहिलंय," म्हणून त्या त्याच्याशी कडाकडा भांडल्या होत्या. डॉक्टरांनाही सोडलं नव्हतं. सकाळी भावाचा फोन आला, तर 'प्रॅक्टिकल आहे' सांगून ठेवून दिला.

"मॅडम, त्याला दुखतंय का?" मुलीचे डोळे भरून आले होते.

"नाही गं."

"मग पाय कसा ओढला?"

उत्तर तोंडपाठ होतं. दरवर्षी बाई ते घडाघडा सांगत. आज जीभ रेटेना. त्यांनी चिमटा उचलून बेडकाच्या बोटाला लावला. पाय पुन्हा आखडला.

"हे त्याचा कणा करतो," त्या हळू म्हणाल्या. "दुखतंय हे कळायला मेंदू लागतो. तो आता... पाय हलला म्हणजे तो आहे असं नसतं, बाळा."

"नक्की?"

"नक्की."

आवाज फाटला. पोरांना वाटलं, बाई रागावल्या.

तास संपल्यावर बाईंनी भावाला फोन लावला.

"दादा, सांग डॉक्टरांना. मी येईपर्यंत थांबा फक्त."

"तू बरी आहेस ना?"

"नाही रे. पण येते."

मग त्या बेसिनपाशी गेल्या. 'त्या बेडकांचा वास घेऊन माझ्याजवळ येऊ नकोस,' असं आई कायम ओरडायची. आता तिला वास कळणार नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी कोपरापर्यंत साबण लावला, नखं घासली, हात हुंगून पाहिले आणि पुन्हा साबण लावला.