रिकामा परत न गेलेला डबा

मित्रांनो, आधी माझ्या झाकणावरचा पोचा नीट बघून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. मी एक जुना जर्मनचा डबा आहे. जर्मन म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियम. कोल्हारच्या बाजारातून छबूबाईंनी मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकदमच घेतलं. घरी नेताना मी दगडावर पडलो आणि पोचा आला. छबूबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे तो पोचा हेच माझं नाव झालं.

कोल्हारच्या वरच्या माळावर त्यांची वस्ती. नदी खाली आणि शेत वर, म्हणून सगळा भरवसा आभाळावर. घरात माणसं तीन. छबूबाई, सातवी शिकलेली त्यांची लेक मनकर्णा आणि तिचा थोरला भाऊ गोरक्षनाथ, म्हणजे गोरख. गोरख संगमनेरला खोली घेऊन राहायचा आणि कॉलेजात मराठी साहित्य शिकायचा. रोज सकाळी मनकर्णा मला फडक्यात बांधून कोल्हारच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. दुपारी गोरख मला संगमनेरला उतरवून घ्यायचा. एसटीनं माझ्याइतका फिरलेला डबा तुम्हाला दुसरा सापडायचा नाही.

गोरखला वाचनाचं भारी वेड. डाव्या हातात लायब्ररीचं पुस्तक, उजव्या हातात घास. चटणी संपली तरी याला पत्ता नसायचा, कोरडी भाकरी तशीच चावत राहायचा. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? पण जेवण झालं की तो मला लख्ख घासायचा आणि आत एक कागद ठेवायचा. "कुनाचं भांडं रिकामं परत देऊ नये," असं आईनं त्याला लहानपणापासून बजावलं होतं. त्याच्याजवळ दुसरं काय होतं द्यायला? वाचत असलेल्या कादंबरीचा थोडा थोडा भाग तो आपल्या शब्दांत लिहून पाठवायचा. संध्याकाळी मनकर्णा तो वाचून दाखवायची आणि छबूबाई चुलीपुढे बसून ऐकायच्या. गोष्टीतली एक बाई हरवलेल्या लेकीला शोधत गावोगाव फिरत होती.

"म्होरं काय झालं तिचं?" छबूबाई विचारायच्या.

"उद्याच्या डब्यात," मनकर्णा म्हणायची.

मग बहात्तर सालचा दुष्काळ पडला. छबूबाई माझ्या भावाला घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. घरातली उरलीसुरली ज्वारी माझ्यात यायची. भावाच्या वाट्याला रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेल्या हलक्या ज्वारीची, अर्धी भाकरी आणि मीठ-मिरची. गोरखला हे कळू नये अशीच छबूबाईंची धडपड होती.

एका सकाळी उशीर झाला आणि घाईत मनकर्णानं भलतंच फडकं उचललं. दुपारी कामावर छबूबाईंनी गाठ सोडली, पोच्यावर बोट फिरवलं आणि त्यांचा हात थांबला.

"ह्यो हितं कसा?" त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या. "आता पोरानं त्यो दुसरा उघडला असंल."

त्यांनी घासही खाल्ला नाही. भरलेला घरी परत आलो, असं माझ्या आयुष्यात एकदाच घडलं.

संध्याकाळच्या गाडीनं माझा भाऊ आला. त्यात गोष्ट नव्हती, चिठ्ठी होती. मनकर्णानं अडखळत वाचली. "आई, तू काय खातेस ते आज कळलं. मी कॉलेज सोडतोय. उद्या दुपारच्या गाडीनं येतो आणि परवापासून तुझ्याबरोबर खडी फोडतो."

छबूबाईंनी कागद-पेन्सिल मनकर्णापुढे सरकवली. म्हणाल्या, "लिही."

दुसऱ्या दिवशी गोरख ट्रंक घेऊन संगमनेरच्या स्टँडवर बसला होता. ज्या गाडीनं मी आलो, तिनंच तो परत निघणार होता. कंडक्टरनं मला त्याच्या हातात दिलं. माझ्यात अर्धी भाकरी ज्वारीची होती, अर्धी मिलोची आणि मनकर्णाच्या अक्षरात आईचे शब्द होते. "आता दोनी डब्यांत सारखंच घातलंय. तू आलास तर त्या बाईला तिची लेक घावली का न्हाई, हे आमाला कोन सांगंल? गोष्ट पुरी कर, मंग ये."

गोरखनं आधी मिलोची भाकरी खाल्ली. त्याला पुस्तकाशिवाय जेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं. गाडी सुटली तेव्हा तो तिथेच बसलेला होता.

ती गोष्ट पुढे दीड वर्ष चालली. मित्रांनो, कादंबरी तीनशे पानांची होती आणि होळीच्या आत संपलीसुद्धा होती. पुढचं सगळं गोरख स्वतः रचत होता, कारण आई म्हणाली होती, गोष्ट पुरी कर, मंग ये. बी. ए.चा निकाल लागला, त्या दिवशीच्या कागदात त्यानं लेकीला आईच्या दारात आणून सोडलं.

गोरख पुढे कॉलेजात शिकवू लागला. छबूबाईंच्या शेवटच्या आजारपणात मनकर्णानं त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. "आई, पुस्तकात येवढं नव्हतंच. दादाच लिहायचा."

छबूबाई हसल्या. "ठावं हुतं मला. होळीनंतर ती बाई मिलोची भाकरी खाया लागली. पुस्तकातल्या बाईला कुठली गं मिलो?"

आता मी मनकर्णाच्या घरी फळीवर असतो. माझ्यात स्वयंपाकाचं काही नसतं, फक्त ते कागद असतात. मला त्या एसटीची, त्या स्टँडची फार आठवण येते. मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्यासाठी कुणी डबा भरून पाठवला, तर त्यानं स्वतः काय खाल्लं ते एकदा विचारा. आणि डबा रिकामा परत पाठवू नका.