तोफेआधीचे चार सेकंद

झाग्रेबमध्ये रोज दुपारी बाराला वरच्या गावातल्या बुरुजावरून तोफ उडते. खऱ्या झाग्रेबकराला त्याचं काही होत नाही. तो घड्याळाकडे बघतो, काटा सरकवायचा तर सरकवतो आणि चालू लागतो. दचकतात ती कबुतरं, नाहीतर बाहेरगावचे. ॲनिमेशन विभागाचे प्रमुख ओग्न्येन बारिशिच यांना स्प्लिटहून येऊन सहा वर्षं झाली होती, तरी ते रोज दचकायचे आणि दचकल्यावर कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायचे.

ल्येर्काबाई पाहायच्या. त्यांचा धंदाच तो. निम्मं आयुष्य काचेखालच्या दिव्यावर कागद ठेवून चित्रं काढण्यात गेलं. आता पोरं स्क्रीनवर काढतात आणि बाई त्यांना टायमिंग शिकवतात. पहिल्या वर्षाच्या वर्गाला त्या बाराच्या आधी खिडकीशी उभं करायच्या आणि म्हणायच्या, तोफेकडे बघू नका, खाली रस्त्यावरच्या माणसांकडे बघा. आवाज झाला की माणूस लगेच हलत नाही. सेकंदाच्या चोवीस फ्रेम धरल्या, तर पहिल्या तीन फ्रेम काहीच होत नाही. मग डोळे, मग मान, मग खांदे. त्या तीन रिकाम्या फ्रेम काढून टाकल्यात तर तुमचा माणूस बुजगावणं होईल. हलवता कुणालाही येतं. कधी हलवायचं नाही हे शिकायला चार वर्षं लागतात, आणि काहींना तेवढ्यातही येत नाही.

एवढं सोपं सत्य, पण ते विभागाच्या तक्त्यात बसेना. बारिशिचनी नियम काढला होता: परीक्षेच्या दहा सेकंदांच्या कामात किमान एकशेवीस वेगवेगळी चित्रं हवीत. एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला बारा, दहा सेकंदांना एकशेवीस. आयुष्यात कागदावर एक चेंडूही धड न उडवलेल्या माणसाचा हा हिशोब. मोजायचं काम संगणकाकडे. गेल्या वर्षी क्रेशो नावाच्या पोराने एकच चित्र शंभरदा चिकटवून संगणकाला टोपी घातली, तेव्हापासून तोही शहाणा झाला. हुबेहूब सारखी चित्रं तो एकच धरू लागला. एकशेएकोणीस म्हणजे नापास. बाई बैठकीत भांडल्या होत्या. उद्या आचाऱ्याला पातेल्यात मीठ किती पडलं त्यावर गुण द्याल, असं तोंडावर म्हणाल्या होत्या. बारिशिचनी ते टिपून घेतलं आणि नियम होता तिथेच राहिला.

त्या वर्षी या नियमात यागोदा सापडली. ज्याकोवोजवळच्या खेड्यातली मुलगी, बोलायला तिखट, हात सोन्याचा. नापास झाली तर वसतिगृहातली खोली जाणार, खोली गेली की शिक्षण गेलं. मावशीने गावच्या मांसाच्या कारखान्यात तिच्यासाठी जागा बघूनच ठेवली होती. आणि यागोदाने परीक्षेसाठी काढायला घेतलं काय? एक म्हातारा, हातात खिशातलं घड्याळ, तोफेची वाट बघत उभा. चार सेकंद नुसता उभा. मग तोफ होते, त्याच्या पापण्या लवतात, तो काटा जुळवतो आणि सगळं शहर आपल्याच घड्याळावर चालतं अशा तोऱ्यात निघून जातो. चित्रं एकूण चौतीस. कारण त्या चार सेकंदांना एकच चित्र होतं.

खाणावळीत घेवड्याच्या रश्श्यावर बाईंनी तिला गाठलं.

"म्हाताऱ्याला नाक खाजवू दे," बाई म्हणाल्या. "पाय बदलू दे, कोटाची गुंडी चाचपू दे. भरेल तुझा आकडा."

यागोदाने चमचा खाली ठेवला. "बाई, तो झाग्रेबचा आहे. तोफेआधी नाक खाजवेल?"

"नापास व्हायचंय?"

"तुम्हीच शिकवलंत ना."

"मी शिकवलं ते खरं आहे. आणि आता सांगते ते कर. दोन्ही एका डोक्यात ठेवायला शिकलीस की इथेच नोकरी मिळेल."

हे बोलून बाईंनी रस्सा तसाच सोडला. आयुष्यभर ज्यासाठी हाडं झिजवली ते त्यांनी घेवड्याच्या एका ताटावर विकलं होतं, आणि तेही गिऱ्हाइकाने न मागता.

परीक्षेच्या दिवशी यागोदा मनगटाला पट्टी बांधून आली. संगणकाने आकडा दाखवला: एकशेएकोणतीस. बारिशिच खूश होऊन पुढच्या खुर्चीत रेलले. आता नाक, असं म्हणून बाईंनी मान खाली घातली.

नाक कुणी खाजवलंच नाही. म्हातारा उभाच होता. यागोदाने त्या चार सेकंदांच्या शहाण्णव फ्रेमना शहाण्णव वेळा तीच मुद्रा काढली होती, चिकटवून नव्हे, हाताने, एकावर एक गिरवून. आणि हाताची रेघ दोनदा सारखी पडत नाही. कोटाची कड किंचित थरथरत होती, मिशीचं टोक, घड्याळाची साखळी. म्हातारा हलत नव्हता, पण त्याच्यात श्वास होता. आधीच्या कामात तो भिंतीवरच्या तसबिरीसारखा होता. आता तो वाट बघत होता, आणि त्याच्याबरोबर अख्खा वर्ग. मग तोफ झाली. तीन फ्रेम काहीच नाही. मग पापण्या.

बारिशिच खुर्चीत दचकले.

सावरून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहनत कशी दिसते बघा म्हणाले, आणि वळून विचारलं, "काय बाई, नियमाला नावं ठेवत होतात ना?"

बाईंच्या जिभेवर उत्तर होतं, पण ते बारिशिचच्या बाजूचं होतं. त्या मूर्ख नियमाने, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, बाईंच्या डोळ्यांदेखत चांगलं काम उत्तम केलं होतं. हे कबूल करण्याऐवजी त्यांनी गुणपत्रक पुढे ओढलं. यागोदा पास झाली.

सोमवारी फलकावर कागद लागला. यापुढे स्थिर उभं असलेलं पात्रही प्रत्येक फ्रेमला नव्याने काढावं. किमान चित्रसंख्या दोनशे. पद्धत: प्राध्यापिका ल्येर्का ह्रुपेत्स. फलकापुढे उभी पोरं बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या तेव्हा सगळी पांगली. उरली यागोदा, पट्टीवाला हात पोटाशी धरून.

"मला ठाऊक होतं, एक चित्र पुरेसं होतं," ती म्हणाली. "हा सगळा गाढवपणा त्यांच्यासाठी केला. तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

खिडकीबाहेर बारा वाजायला आले होते. खोटं बोलणं सोपं होतं, आणि पोरीला तेच हवं होतं. पण बाईंनी एकदा तिला खोटा सल्ला दिला होता, आणि तेवढा पुरे होता.

"शहाण्णव चित्रांचंच चांगलं होतं," बाई म्हणाल्या.

तोफ झाली. खालच्या मजल्यावर कुणाची तरी खुर्ची करकरली.

यागोदाच्या चेहऱ्यावर आधी काहीच झालं नाही. मग डोळे हलले, मग मान वळली. चुकीच्या वेळी उडालेल्या तोफेकडे पाहावं तसं तिने बाईंकडे पाहिलं. मग पट्टी सरकवून मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली आणि जेवायला निघून गेली.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही.