सुगंधाच्या फोनमधला गजर

"बंद करतंय मी ह्या, बुवा. माका शरम वाटता," म्हणत सुगंधाने वाजणारा फोन पदराखाली दडपला.

समोर खुर्चीत गुरुदासबुवा बसले होते, शेजारी त्यांची बायको जानकीकाकी. डबलबारीत दोन भजनीबुवांचा सामना रंगतो. त्यात गुरुदासबुवांना देवगडात तोड नव्हती. भजनातले गजर स्वतः रचायचे, चाल स्वतः बांधायचे आणि कागदावर अक्षर म्हणून लिहायचे नाहीत. डोक्यात होतं ना सगळं! पावसाळ्यात लकव्याचा झटका आला. हातपाय सावरले, चालीही राहिल्या. शब्द तेवढे पुसले गेले. कुणकेश्वरची बारी परवावर आली होती आणि बुवा पेटीसमोर बसायला तयार नव्हते.

सुगंधा कॅनिंगच्या कारखान्यात आंबे कापायची. बुवांची बारी असली की ही पहिल्या रांगेत, आणि दरवेळी रेकॉर्डिंग. पण ते आजवर तिने कुणाला ऐकवलं नव्हतं, कारण बाई गप्प बसेल तर शपथ! फोन तोंडाशी धरून बुवांच्या बरोबरीने हीच टिपेला गायची. सूर असा की शेजारची माणसं चहाला उठून जात.

"लाव गो बाय," जानकीकाकी काकुळतीला आली. "आशेन इलंव आमी."

सुगंधाने मान खाली घालून फोन पुन्हा लावला. पखवाज आणि झांजांच्या गदारोळात बुवांचा एक शब्द कळत नव्हता. वर तरंगत होती फक्त सुगंधा: "होडी माझी धक्क्याक लागांदी, मगे वारो सोड देवा..."

"परत लाव," बुवा पुढे सरकले. "माझो आवाज झांजेत बुडलो. तुझो शब्द न् शब्द येता!"

सुगंधाच्या जिवात जीव आला. बुवांचे ओठ हलू लागले, दुसऱ्या कडव्याला आवाज फुटला. जानकीकाकी रडत होती आणि हसतही होती. केवढं ओझं उतरलं त्या बाईचं!

शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी मात्र रेकॉर्डिंग तुटलं. त्या बारीला फोनमधली जागाच संपली होती. बुवा कावरेबावरे झाले.

"मगे काय गो?"

"माका येता. पण तुमच्याफुडे मी कशी गावू?"

"तू म्हण. मी पाठसून म्हणतंय."

भजनात बुवा पुढे, बाकीचे मागून. बुवांचा जन्म तसाच गेला होता. सुगंधाने डोळे मिटून ओळ म्हटली. ती संपेपर्यंत बुवा थांबले, आणि मांडीवर ताल धरून तिच्या मागून गाऊ लागले.