धाकटीचं वय क्ष मानू

धाकटीचं लग्न दर वेळी एकाच प्रश्नावर मोडायचं: वय किती? खरं सांगितलं की माणूस अर्धा चहा टाकून उठायचा. आज घड्याळं दुरुस्त करणारा एक हसतमुख विधुर येणार होता आणि तिला तो मनापासून आवडला होता. शाळेत बीजगणित शिकवणारी बाई, पण सकाळपासून आरशासमोरून हलली नव्हती.

मी बजावलं, “सरळ बेचाळीस सांग. मी नाही का पंचेचाळीस सांगत?”

“ताई, मी खोटं बोलणार नाही. आणि खरं सांगायची आता हिंमत नाही.”

लहानपणापासून माझ्या डोक्याला ताप आहे ही! घड्याळवाला आल्या आल्या मी माझं पंचेचाळीस सांगूनही टाकलं, म्हटलं हिला सोपं जाईल. त्याने चहाचा घोट घेतला आणि तिला विचारलंच.

धाकटी वर्गात शिकवावं तशी म्हणाली, “माझं वय क्ष. त्यात पाच मिळवा, दुप्पट करा, दहा वजा करा. उत्तर माझ्या वयाच्या दुप्पट येतं. काढा क्ष.”

मी कपाळावर हात मारून घेतला. अगं, माणूस लग्नाचं बोलायला आलाय की परीक्षेला!

तो मात्र बिस्किटाच्या पुड्याचा कागद उलटा करून बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन बेचाळीस घालून पाहिलं. सत्तेचाळीस, चौऱ्याण्णव, चौऱ्याऐंशी. बेचाळीसची दुप्पट! म्हटलं, आली बाई ताळ्यावर.

बाहेर आले तर हा घामाघूम. “माझं वय घातलं, जुळलं. आईचं घातलं, तेही जुळलं. मग कुत्र्याचं घातलं…”

“कंस सोडवा,” धाकटी खाली बघत पुटपुटली.

त्याने सोडवला. दहा मिळवले, दहा गेले, दोन्हीकडे दोन क्ष उरले. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली.

“यात कुठलंही वय बसतं. तुम्हाला हेच विचारायचं होतं ना? मग ऐका, तुम्ही कितीच्याही असा, माझी काही हरकत नाही.”

धाकटीने डोळे पुसले आणि एका दमात सांगून टाकलं, “एक्कावन्न!”

“छान,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “पण ताई, तुम्ही तर पंचेचाळीसच्या. मग धाकटी कोण?”

मेल्याला हे गणित बरं कागदाशिवाय सुटलं!