मी बंद नव्हतो

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. भिंतीवर बसून लक्ष ठेवणारा. मला फार राग आला आहे, आणि तो गिळून गोड गोष्ट सांगणं मला जमणार नाही. आवाज चढला तर चालवून घ्या.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो राजारामपुरीतल्या एका गल्लीतला इंग्रजीचा क्लास. क्लासचे मालक उदयसिंह सर. त्यांनी मला फळ्याच्या वर बसवलं, नारळ फोडला आणि जमलेल्या पालकांना सांगितलं, "ह्यो आमचा तिसरा डोळा! बोलल्यालं बी ऐकू येतंय ह्येला. पोरं आमच्या नजरंखाली हायत, तुमी निवांत ऱ्हावा की!" पालक माना वर करून माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. मी फुशारलो. पोरांना सांभाळायला मला आणलं आहे, असं मला खरोखर वाटलं.

पुढे काचेवर धूळ साचली, कोळ्यानं जाळं विणलं. कुणी फडकं फिरवलं नाही. फक्त शाहिस्ता मॅडम कधीमधी बाकावर चढून ओढणीच्या टोकानं माझी काच पुसायच्या. त्या पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवत. माझ्या रागाची ही गोष्ट घडली, त्या आठवड्यात डोळ्यांचे इंग्रजी वाक्प्रचार चालले होते. 'अ‍ॅपल ऑफ द आय' म्हणजे अतिशय लाडका, तिथे सफरचंदाचा काही संबंध नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा पहिल्या बाकावरचा अझहर म्हणाला, "मग आमच्या अम्मीचं सफरचंद मीच हाय, मॅडम!" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

एके दिवशी मॅडम खडू आणायला खाली गेल्या आणि उदयसिंह सर वर्गात आले. फळ्यावर 'कीप युवर आईज पील्ड' असं लिहिलेलं होतं. मॅडमनी नुकताच सांगितलेला त्याचा अर्थ, डोळ्यांत तेल घालून पाहणे. सरांना तो ठाऊक नव्हता. नसू दे, त्यात लाज कसली? पण विचारण्यात कमीपणा वाटला. ते ऐटीत म्हणाले, "म्हंजे डोळं सोलून ठेवायचं!"

पोरं खो खो हसली. शार्दूल हसला, अवंतिका हसली, मागच्या बाकांवर तर टाळ्या पिटल्या गेल्या. सरांच्या हाताशी मात्र अझहर होता. त्यांनी त्याचं बखोट धरून उभं केलं आणि कानाखाली अशी लगावली, की तो बाकाच्या कडेवर आपटून खाली बसला. मी पाहिलं. पापणी नसलेल्याला डोळा मिटता येत नाही, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी अझहरची आई, खैरुनबी, वर्गाच्या दारात येऊन सरांपुढे उभी राहिली. शिवणकाम करून घर चालवणारी बाई. "सर, पोराच्या कानाचा पडदा फाटलाय. रात्रभर कळवळत हुता. का मारलासा?"

"कुणी मारलं? बाकावरनं पडलं त्ये."

"मग कॅमेऱ्यात दावा की."

सरांची नजर क्षणभर माझ्यावर आली आणि लगेच वळली. "कॅमेरा बंद हुता, बाई."

बंद! मी! त्याच सकाळी त्यांनी कचेरीत बसून माझं चित्रण स्वतः पाहिलं होतं, पुन्हा पाहिलं होतं, आणि मग एका बोटानं पुसून टाकलं होतं. माझ्या तोंडी खोटं घातलं आणि मला ओरडताही येईना. तारेतून वीज वाहत होती की संताप, मला सांगता येणार नाही.

शाहिस्ता मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, काल मी वर आले तेव्हा कॅमेऱ्याचा दिवा लागलेला होता."

"मॅडम, तुमी इंग्रजी शिकवा. नसत्या भानगडीत पडू नका."

"तेच शिकवते," मॅडम म्हणाल्या. त्या तडक वर्गात गेल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'टर्न अ ब्लाइंड आय'. जोर इतका, की खडू मोडला. "अर्थ, दिसत असून डोळेझाक करणे. कुणी वाक्य सांगेल?"

दारात उदयसिंह सर डोळे वटारून उभे. त्यांच्यामागे खैरुनबी. शार्दूलनं मान खाली घातली. मला त्या मानेचाही राग आला. मग अवंतिका उठली. तिचे पाय लटपटत होते.

"मला इंग्रजीत न्हाय येत, मॅडम. पण मी बघितलंय. सरांनीच मारलं. हसलो आम्ही सगळी, आणि मार एकट्या अझहरनं खाल्ला."

"खाली बस!" सर गरजले. ती बसली नाही. मागून आणखी दोघं उठली. बाकीची बसूनच राहिली.

त्याच संध्याकाळी अवंतिकाचे आजोबा, त्र्यंबकराव, तिचा हात धरून खैरुनबीबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तक्रार नोंदवली गेली. सरांनी ओळखीपाळखी काढल्या, पण पोरगी आपल्या शब्दावरून हलली नाही. खटला अजून चालू आहे.

शाहिस्ता मॅडमना क्लासमधून काढून टाकलं. मलाही उपटून कचऱ्याच्या डब्यात फेकलं. जाताना मॅडमनी मला उचलून पिशवीत घातलं. आता त्या घरीच शिकवणी घेतात आणि मी त्यांच्या खिडकीत पडून असतो. अझहर येतो. डाव्या कानानं त्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून तो मान तिरकी करून बसतो. ती तिरकी मान पाहिली की माझा राग पुन्हा पेटतो. तो शांत व्हावा असं मला वाटतही नाही.

मित्रांनो, भिंतीवर माझी भावंडं लावून निर्धास्त होऊ नका. आमचा मालक आम्हाला आंधळं करू शकतो. तुमचे डोळे मात्र तुमचे आहेत. कुणी दुबळ्यावर हात उगारला, तर जे पाहिलं ते मोठ्यानं सांगा, पाय लटपटत असले तरी सांगा.